मोटरसायकलचा टायर दुकानात बदलावा की घरी, खर्चाचा खरा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा आहे: १६० सीसीची बाइक, अलॉय व्हील, दोन्हीकडे ट्यूबलेस, मागचा १३०/७०-१७ मापाचा टायर पार गोटा झालाय, पुढचा अजून निम्मा शिल्लक आहे. दुकानात टायरच्या किमतीवर काढण्या-घालण्याची मजुरी वेगळी, बॅलन्सिंगचे वेगळे, व्हॉल्व्हचे वेगळे, आणि हे सगळं मिळून जेवढं होतं तेवढ्यात टायर लिव्हरचा, म्हणजे रिमवरून टायर उपसायच्या लोखंडी पट्ट्यांचा, सेट येतो. मग घरीच बदलला तर स्वस्त पडेल का, आणि आता हात घालतोच आहोत तर पुढचापण बदलून टाकावा का?

मी बरीच वर्षं टायरच्याच कामात आहे, मशिनवर पण काम करतो आणि हाताने पण, म्हणून आधी उत्तर सांगतो आणि मग कारणं. चाक स्वतः काढा, सुटं चाक दुकानात न्या, टायर तिथे चढवून बॅलन्स करून घ्या, घरी येऊन चाक स्वतः बसवा. तुमच्यासारख्या बहुतेक लोकांना यातच सगळ्यात जास्त फायदा आहे. लोक फक्त दोनच पर्याय धरून बसतात, सगळं दुकानात नाहीतर सगळं घरी, आणि मग हिशोब चुकतो, कारण मुळात ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोघांची हत्यारं वेगळी, धोके वेगळे, वाचणारे पैसे पण वेगळे.

पहिलं काम म्हणजे गाडीवरून चाक उतरवणं आणि परत चढवणं. याला लागतं काय, तर एक्सलच्या (चाकाच्या मधल्या दांड्याच्या) नटाच्या मापाचे पाने किंवा सॉकेट, चाक उचलून धरायला मागचा स्टँड (ज्या गाडीला डबल स्टँड आहे तिला तोही नको), ग्रीस, आणि एक बरा टॉर्क रेंच, म्हणजे नट ठरलेल्या जोरानेच आवळायचा पाना. आता बघा, ही सगळी हत्यारं चेन टाइट करायला, ब्रेक पॅड बदलायला, ड्रम साफ करायला, व्हील बेअरिंग बघायला परत परत लागतातच. म्हणजे त्यांचा खर्च टायरच्या खात्यात टाकायचाच नाही, किंवा फार तर थोडासा टाकायचा, आणि ज्यांच्याकडे ती आधीच आहेत त्यांना तर हे काम फुकटच पडतं.

दुसरं काम म्हणजे रिमवरून जुना टायर काढणं आणि नवा चढवणं. त्याला तीन चांगले लिव्हर, रिम प्रोटेक्टर, बीड तोडायचं (म्हणजे रिमला घट्ट बसलेली टायरची कड सोडवायचं) काहीतरी साधन, व्हॉल्व्हची पिन काढायची चावी, टायरला लावायचं वंगण, जोरात हवा देणारा कॉम्प्रेसर, बॅलन्सिंगचा स्टँड आणि चिकटवायची वजनं लागतात. कॉम्प्रेसर सोडला तर यातलं जवळपास काहीच दुसऱ्या कुठल्या कामाला येत नाही, टायर बदलला की सगळं कपाटात जाऊन पडतं ते पुढच्या टायरपर्यंत. म्हणून हिशोब करताना या दुसऱ्या ढिगाऱ्याचाच करायचा, आणि तो एका साध्या भागाकाराने होतो: या हत्यारांची एकूण किंमत भागिले दुकानातली एका सुट्या चाकाची मजुरी. जो आकडा येईल तेवढे टायर घरी बदलल्यावर तुमचे पैसे वसूल, त्यानंतरचा टायर फायद्यात. सुट्या चाकाची मजुरी धरा हं, गाडीवरच्या चाकाची नाही, कारण चाक तर तुम्ही तसंही स्वतः काढणार आहात आणि बरीच दुकानं सुट्या चाकाला कमी घेतात.

समजा आकडा बारा आला. म्हणजे बारा टायर. आता रोज कामाला जायची गाडी, मागचा टायर साधारण १५ ते २५ हजार किलोमीटर चालतो, पुढचा त्याहून बराच जास्त, आणि वर्षाला १० हजार किलोमीटर फिरणारा माणूस धरला तर मागचा दोन वर्षांनी एकदा आणि पुढचा तीन-चार वर्षांनी एकदा. बारा टायर व्हायला किती वर्षं लागतील ते तुम्हीच मोजा, तोपर्यंत ती गाडी तुमच्याकडे असेल का हा पण प्रश्न आहे. आणि आकडा बारा ऐवजी चार आला, कारण तिकडे मजुरीच महाग आहे किंवा हत्यारं मित्राबरोबर निम्मी-निम्मी घेतली, तर चित्र एकदम बदलतं. म्हणून कोणी सरसकट सांगत असेल की घरी केलं की स्वस्तच पडतं, किंवा कधीच परवडत नाही, तर दोघांचंही ऐकू नका, आपला भागाकार आपण करायचा. जिथे माणसाच्या कामाचे पैसे कमी आणि हत्यारं महाग तिथे उत्तर जवळजवळ नेहमी दुकान येतं, आणि जिथे मजुरी चढी आहे तिथे जास्त फिरणाऱ्याला टायरच्या दोन-तीन जोड्यांमध्ये हत्यारं फिटतात.

सगळं स्वतः करणं ज्यांना नक्की परवडतं असे लोक आहेतच. घरात तीन-चार गाड्या असतील, मातीत-चिखलात डर्ट बाइक चालवणारे असतील ज्यांचे टायर एका सीझनमध्ये फाटतात, स्पोर्ट बाइकला मऊ रबरचे टायर वापरणारे असतील ज्यांचा मागचा सात-आठ हजारात संपतो, किंवा लांब लांब एकटे फिरणारे ज्यांना ट्यूबवालं चाक रस्त्यात खोलता आलंच पाहिजे. या शेवटच्यांना तर मी म्हणेन की पैशांचा विचार न करता शिका, कारण जिथे दुकानच नाही तिथे मजुरी वाचली का हा प्रश्नच उरत नाही.

आता टायर कुठला आहे यावर पण फार अवलंबून आहे, आणि हे कोणी सांगत नाही. स्पोकच्या रिमवरचा ट्यूबवाला अरुंद टायर, म्हणजे ८०/१००-१८ सारखा, दोन लिव्हर आणि साबणाचं पाणी असलं की निघतो, बीड पायाने दाबून पण तुटतं. ट्यूबलेसच्या रिमला मात्र कडेच्या आत एक बारीक उंचवटा असतो, तो मुद्दामच दिलेला असतो, हवा गेली तरी टायरची कड आत घसरू नये म्हणून, आणि तोच उंचवटा घरी काम करणाऱ्याला घाम फोडतो. तुमचा १३०/७०-१७ हा मधल्या अवघडपणाचा आहे, जमण्यासारखा आहे. १८०/५५-१७ सारखा रुंद, बुटका, कडक बाजूचा रेडियल (आतल्या दोऱ्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडव्या असलेला टायर) पहिल्याच वेळेला हाताने चढवायला घेऊ नका, तिथे मशिनच बरं. आणि रिमच्या आत हवेचा दाब सांगणारा सेन्सर असेल तर तो व्हॉल्व्हच्या अगदी जवळ बसवलेला असतो, बीड तोडताना किंवा लिव्हर घालताना त्यावर दाब आला की तो गेलाच, आणि त्या एका सेन्सरच्या किमतीत कितीतरी वेळा मजुरी देऊन झाली असती.

तरी ज्यांना स्वतः करायचंच आहे त्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्या, बाकी सगळं त्यातच आहे. टायरच्या कडेला आतून न ताणणारी पोलादी तार असते, तिलाच बीड म्हणतात, आणि रिमची बाहेरची कड त्या तारेपेक्षा मोठी असते. मग टायर निघतो कसा? तर रिमचा मधला भाग खोल असतो. बीडची एक बाजू त्या खोलगट भागात ढकलली की समोरच्या बाजूला तेवढीच ढील मिळते आणि तिथून कड ओलांडून बाहेर काढता येते. हाताने टायर चढवणं म्हणजे या ढिलीचाच खेळ आहे, जोराचा नाही. शेवटचा वीतभर बीड चढत नसेल आणि लिव्हरवर लटकावं लागत असेल तर समजा की समोरची बाजू खोलगटातून वर सरकलेली आहे, थांबा, समोरच्या बाजूला गुडघे टेकून तो बीड परत आत दाबा, परत वंगण लावा, लिव्हरने एका वेळी दोन बोटंच घ्या, जास्त नाही. जो माणूस इथे थांबत नाही आणि लांब पाइप लावून जोर करतो त्याचीच बीडची तार मोडते किंवा रबर फाटतं, आणि तसा टायर मग चढला तरी वापरायचा नाही, नवाकोरा असला तरी. हे नुकसान कुठल्याच कंपनीच्या वॉरंटीत बसत नाही.

बीड तोडायला बाजारात साधन मिळतं, नाहीतर मोठ्या सी क्लॅम्पने होतं, काही जण दुसऱ्या गाडीच्या साइड स्टँडखाली टायर ठेवून गाडीचं वजन देतात, ते पण चालतं पण स्टँड रिमवर नाही, रबरवर कडेला लागून टेकला पाहिजे. चाक जमिनीवर डिस्कवर कधीच झोपवू नका. खाली लाकडी ठोकळे किंवा दुसरा जुना टायर ठेवा म्हणजे वजन रिमवर येईल. डिस्क किंचित जरी वाकली तरी ब्रेक लावताना लिव्हर बोटांत धडधडतो आणि मग नवी डिस्क, म्हणजे वाचवलेली मजुरी कितीतरी पटीने गेली. वंगण म्हणून तेल, ग्रीस, डिझेल असलं काही लावायचं नाही, रबर खराब होतं आणि टायर रिमवर फिरायला लागतो. टायरचं तयार वंगण सगळ्यात चांगलं, नसेल तर साधं साबणाचं पाणी, पण आधी रिमच्या बसायच्या जागेवरचा गंज, पांढरी बुरशी, जुनं चिकटलेलं रबर घासून काढा, ट्यूबलेस असून रोज दोन-दोन पीएसआय हवा जाते ती बऱ्याच वेळा इथूनच जाते. आणि टायर थंडगार असेल तर आधी तासभर उन्हात ठेवा, निम्मी मेहनत कमी होते.

ट्यूबवाल्यात वेगळी काळजी. ट्यूब अगदी थोडी हवा भरून, नुसती गोल होईल इतपत, मगच आत घालायची, नाहीतर लिव्हरखाली चिमटा बसतो आणि हवा भरल्यावर कळतं. नव्या टायरला नवी ट्यूब घाला, जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते, ती आत घडी पडते. स्पोकच्या टोकांवरची रबरी पट्टी पण बघा.

हवा भरायची वेळ ही या सगळ्या कामातली सगळ्यात धोक्याची. ट्यूबलेसचे बीड जागेवर बसताना मोठा फाटकन आवाज येतो, दोन वेळा, ते ठीकच आहे. व्हॉल्व्हची पिन काढून ठेवली की हवा एकदम जोरात जाते आणि बीड लवकर धरतं. बऱ्याच टायरच्या बाजूवर बीड बसवायची कमाल मर्यादा लिहिलेली असते, नसेल तर साधारण ४० पीएसआय धरा, त्यावर नाही बसलं तर दाब वाढवत बसू नका, हवा सोडा, वंगण लावा, परत भरा. चाकावर वाकून, तोंड जवळ आणून हवा भरायची नाही, नळी लांब ठेवायची. पेट्रोल किंवा स्प्रे आत मारून काडी लावायचे व्हिडिओ लोक बघतात आणि करतात, ते अजिबात करू नका, टायर फुटला तर बोटं, डोळे जातात. पायपंपाने ट्यूबलेसचं बीड बहुतेक वेळा बसतच नाही, म्हणून कॉम्प्रेसर नसलेल्या माणसाला शेवटी चाक घेऊन दुकानात जावंच लागतं, मग आधीच का नाही गेलात असं होतं. बसल्यावर टायरच्या कडेला रिमला समांतर एक बारीक रेघ असते ती गोल सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे, दोन्ही बाजूंनी. कुठे आत गेलेली दिसली तर टायर नीट बसलेला नाही, तसाच चालवला तर चाक उड्या मारतं. मग साबणाचं पाणी लावून कडेला आणि व्हॉल्व्हला बुडबुडे येतात का बघा. व्हॉल्व्ह रबरी असेल तर दर टायरला नवाच घाला, ही सगळ्यात स्वस्त वस्तू आहे आणि ती रस्त्यात तुटली तर सगळी हवा एकदम जाते.

बॅलन्सिंगबद्दल लोक दोन टोकं गाठतात. काही म्हणतात गरजच नाही, काही म्हणतात मशिनशिवाय होतच नाही. मोटरसायकलचं चाक अरुंद असतं म्हणून साधं स्थिर बॅलन्सिंग, म्हणजे चाक एक्सलवर मोकळं फिरू द्यायचं, जड बाजू आपोआप खाली येते, तिच्या बरोब्बर समोर वर ५ किंवा १० ग्रॅमची वजनं चिकटवत जायचं, जोवर चाक कुठेही थांबवलं तरी तिथेच राहतं, हे बहुतेक गाड्यांना पुरतं. काही टायरवर पिवळा ठिपका असतो, ती टायरची हलकी बाजू, ती व्हॉल्व्हच्या अगदी शेजारी आणली की वजनं कमी लागतात. शहरातल्या वेगात मागच्या चाकाचा थोडा फरक जाणवतच नाही, पण पुढच्या चाकाचा ८०-९० च्या वर हँडलमध्ये येतो, म्हणून पुढचं चाक बॅलन्स न करता सोडू नका. दुकानात मशिन असेल तर करून घ्या.

आता मी जो मधला रस्ता सांगितला त्यातलं चाक काढणं-बसवणं, हे सोपं आहे पण बिनमहत्त्वाचं नाही, उलट जीव यावरच आहे. काढायच्या आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. डाव्या-उजव्या बाजूचे स्पेसर, म्हणजे एक्सलवर चाकाच्या बाजूला बसणाऱ्या नळ्या, वेगळ्या लांबीचे असतात, उलटसुलट झाले तर चाक मध्यावर बसत नाही किंवा कॅलिपर (ब्रेक पॅड धरणारा, डिस्कवर बसणारा भाग) घासतो. कॅलिपर निघाला असेल तर ब्रेक लिव्हर दाबायचा नाही, पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घालून ठेवा, आणि कॅलिपर ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत सोडू नका, दोरीने बांधा. एबीएस असेल तर त्याची भोकांची चकती आणि सेन्सर यांना धक्का लागता कामा नये. मागे ड्रम असेल तर ब्रेक प्लेटला धरून ठेवणारी पट्टी, जिला टॉर्क आर्म म्हणतात, ती परत लावून तिच्या नटाची पिन घातली का हे दोनदा बघा, काही गाड्यांना पट्टीऐवजी खाच असते, ती खाचेत बसली का ते बघा. ती राहिली तर पहिल्याच जोराच्या ब्रेकला प्लेट चाकाबरोबर फिरते आणि चाक जाम होतं. चाक निघालंच आहे तर हब आणि स्प्रॉकेटमधली रबरं चेपली आहेत का, बेअरिंग बोटाने फिरवल्यावर खरखरतं का, हेही त्याच वेळी बघून घ्या, यासाठी नंतर परत चाक काढायची मजुरी वाचते.

बसवताना चेनच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या, चेनची ढील गाडीच्या पुस्तकात दिली आहे तेवढी, आणि चेन फिरवून जिथे सगळ्यात ताणलेली वाटते तिथे मोजायची. एक्सलचा नट पुस्तकात दिलेल्या टॉर्कलाच. नट आवळल्यावर चेन किंचित ताणली जाते म्हणून परत एकदा मोजा. आणि गाडी हलवायच्या आधी ब्रेकचा लिव्हर आणि पायाचा ब्रेक, दोन्ही घट्ट होईपर्यंत मारा, पॅड मागे गेलेले असतात, पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. हे सगळं सवय झाली की एका चाकाला अर्धा-पाऊण तास, पहिल्यांदा अर्धी सकाळ धरा, घाई असेल त्या दिवशी करू नका. आणि हे वाचून मनात धाकधूक होत असेल तर सरळ गाडी दुकानात न्या आणि पूर्ण मजुरी द्या, त्यात काहीच कमीपणा नाही, ब्रेक आणि एक्सल ही शिकायची जागा आहे पण अंदाजाने करायची नाही.

दुकानाबाबत. जायच्या आधी फोन करून चार गोष्टी विचारा: सुट्या चाकाला किती, टायर तुमच्याकडूनच घेतला तर मजुरी किती, बाहेरून आणला तर किती, आणि बॅलन्सिंग, व्हॉल्व्ह, जुना टायर ठेवून घेणं यात धरलंय का. बऱ्याच ठिकाणी टायर त्यांच्याकडून घेतला की चढवणं फुकट किंवा निम्म्यात असतं, म्हणजे बाहेर स्वस्त दिसलेला टायर आणून मजुरी देण्यात काहीच वाचत नाही. शिवाय टायर त्यांनीच विकला, त्यांनीच चढवला, तर काही झालं तरी जबाबदार एकच जण असतो. बाहेरून आणला तर टायरवाला म्हणतो बसवणाऱ्याने फाडला आणि बसवणारा म्हणतो टायरच तसला होता. तिथे उभे राहून बाण बघा, टायरच्या बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो आणि सुटं चाक असताना तो उलटा बसायची शक्यता जास्त असते, कारण गाडी समोर नसते. म्हणून मी घरी चाक काढतानाच रिमवर खडूने दिशा काढून ठेवायला सांगतो. आणि हो, मशिनने पण रिमला ओरखडे येतात, प्लॅस्टिकचं डोकं घासलेलं असेल तर हमखास, ते आधी बघा.

एक गोष्ट मात्र मजुरीपेक्षा मोठी आहे. या सगळ्या व्यवहारात सगळ्यात जास्त पैसा टायरलाच जातो, मजुरी त्यातला लहान भाग, आणि लोक त्या लहान भागावर भांडतात आणि टायर बघतच नाहीत. बाजूवर एका चौकटीत चार आकडे असतात, ३४२४ म्हणजे २०२४ सालचा ३४वा आठवडा. दुकानात तीन-चार वर्षं पडलेला टायर नव्याच्या किमतीत घेऊ नका, रबर वयाने कडक होतं, खाचा पूर्ण असल्या तरी. मापानंतर येणारा आकडा आणि अक्षर पण बघा, ६२पी असेल तर ६२ म्हणजे २६५ किलोपर्यंत वजन आणि पी म्हणजे १५० किलोमीटर ताशी वेग, गाडीला जे दिलंय त्याहून कमी घेऊ नका. आणि दिसायला भारी म्हणून १३० रुंदीच्या टायरच्या रिमवर १४० किंवा १५० चा टायर चढवू नका, अरुंद रिमवर टायर चिमटला जातो, मधोमध टोकदार होतो, मधलाच पट्टा झिजतो, काही गाड्यांत चेनला किंवा स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांना) घासतो, मायलेज कमी होतं, पैसे जास्त देऊन आयुष्य कमी.

आणि टायर वर्षभर जास्त टिकला तर ती बचत कुठल्याही लिव्हरच्या सेटपेक्षा मोठी आहे. महिन्यातून दोनदा, गाडी रात्रभर उभी असताना, सकाळी थंड टायरमध्ये हवा तपासा, पुस्तकात किंवा चेनच्या कव्हरवर जो दाब लिहिलाय तोच, टायरच्या बाजूवर लिहिलेला कमाल दाब नव्हे. कमी हवेत टायरच्या बाजू वाकत राहतात, गरम होतात आणि कडा झिजतात, जास्त हवेत मधला पट्टा. स्वतःचं गेज ठेवा, पंपावरची गेज अनेकदा चुकीची दाखवतात. या एका सवयीने हजारो किलोमीटरचा फरक पडताना मी बघितलेला आहे, एकाच मॉडेलच्या गाड्या, एकच टायर, आणि तरी.

पुढच्या टायरचं. निम्मा शिल्लक आहे म्हणता, तर आधी त्याचं वय बघा. पाच वर्षांच्या आतला असेल, बाजूला किंवा खाचांच्या तळाला भेगा नसतील, झीज सारखी असेल, तर आत्ता बदलायचं कारण नाही, मागचा एकटा बदला. दोन्ही एकदम बदलायचा सल्ला दुकानात मिळेल, पण मागचा जवळपास नेहमीच आधी संपतो, त्यामुळे चांगला पुढचा टायर फेकून जोडी जमवण्यात काही अर्थ नाही. फक्त मागचा घेताना पुढचा कुठल्या जातीचा आहे ते बघून घ्या, एकीकडे रेडियल आणि एकीकडे साधा बायस (आतल्या दोऱ्या तिरक्या असलेला) असं गाडीच्या कंपनीने दिलं नसेल तर करू नका. आणि नवा टायर बसल्यावर पहिले १००-१५० किलोमीटर वळणावर गाडी फार झुकवू नका, एकदम ब्रेक नको, एकदम ॲक्सिलरेटर नको, वरचा गुळगुळीत थर घासला जाईपर्यंत पकड पूर्ण येत नाही, त्यात रस्ता ओला असेल तर आणखी जपून. तेवढं अंतर झालं की एक्सलचा नट, चेनची ढील आणि हवा एकदा परत तपासा.